गाडी मार्गस्थ करणारी सही

रात्री साडेनऊनंतर बस आगाराचे रूप पालटते. दिवसभर प्रवाशांची असलेली गाडी त्या वेळी कार्यशाळेची होते. चालक खाली उतरतो, तक्रार वहीत दोन ओळी खरडतो आणि घरची वाट धरतो. पहाटे साडेचारला पहिली गाडी फाटकाबाहेर पडायची असते. मधल्या सहा-सात तासांत त्या दोन ओळींचे काय करायचे हे ठरवतो तो आगाराचा देखभाल पर्यवेक्षक. 'गाडी मार्गस्थ करण्यास योग्य' या रकान्यात पहाटे सही असते ती त्याची. प्रवाशाला चालक दिसतो, वाहक दिसतो. हा माणूस सहसा दिसत नाही. दक्षिणेकडील एका राज्य परिवहन महामंडळात मी तीन दशके त्या पदावर आणि त्याच्या वरच्या पदांवर काढली. आज त्या सहीविषयी लिहावेसे वाटते, कारण ती नेमकी कोणाची, हा प्रश्न देशभर नव्याने उभा राहत आहे आणि त्याची चर्चा फारशी होताना दिसत नाही.

बसगाड्यांविषयीची चर्चा मात्र भरपूर होते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये 'पीएम-ई-बस सेवा' योजना मंजूर केली. तिच्यात दहा हजार विद्युत बसगाड्या आहेत, अंदाजित खर्च ५७ हजार ६१३ कोटी रुपये आणि त्यांपैकी २० हजार कोटी केंद्राचे. पुढच्या वर्षी 'पीएम ई-ड्राइव्ह' आली. तिच्यात १४ हजार २८ विद्युत बसगाड्यांसाठी ४ हजार ३९१ कोटींची तरतूद केली गेली. कंत्राटदार कंपन्यांचे पैसे थकू नयेत म्हणून ३ हजार ४३५ कोटींची हमी-व्यवस्थाही उभारली गेली. या बहुतेक गाड्या महामंडळे विकत घेत नाहीत. कंपनीने गाडी आणायची, चालक नेमायचा, देखभाल करायची आणि दर किलोमीटरमागे ठरलेला मोबदला घ्यायचा, असा दहा-बारा वर्षांचा करार असतो. नीती आयोगाने २०१९ मध्ये त्याचा नमुनाही तयार केला. कागदावर ही पद्धत समंजस आहे. कर्जात बुडालेल्या महामंडळांना लाखमोलाच्या गाड्या घ्याव्या लागत नाहीत, जोखीम कंपनीवर जाते. पण जोखमीबरोबर आणखी एक गोष्ट आगाराच्या फाटकाबाहेर जात आहे, ती म्हणजे गाडी थांबवू शकणारा माणूस घडवण्याची पद्धत.

ही पद्धत काय होती, ते आधी सांगितले पाहिजे.

मी १९८६ मध्ये ऑटोमोबाइल अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका घेऊन प्रशिक्षणार्थी पर्यवेक्षक म्हणून रुजू झालो. तंत्रनिकेतनात आम्हाला उभे कापलेले एक इंजिन दाखवले होते, आतल्या वाटा लाल-निळ्या रंगवलेले. विभागीय कार्यशाळेत पहिल्या दिवशी मला मेस्त्रींच्या हवाली करण्यात आले. मेस्त्री चौथीपर्यंत शिकलेले. माझ्या पदामुळे ते मला 'सार' म्हणत, आणि तसे म्हणतच त्यांनी मला सुटे भाग डिझेलमध्ये धुवायला बसवले. तीन आठवडे मी तेच केले. गिअर धुताना दातांची झीज बोटांना कळते, बेअरिंग धुताना त्यातली खरखर कळते, आणि कोणता भाग किती काळ टिकला हे गाडीच्या पत्रकाशी ताडून पाहता येते. हे मला चौथ्या आठवड्यात उमगले. मेस्त्रींनी ते सांगितले नव्हते.

त्यानंतर इंधनपंपाची खोली, गिअरबॉक्स, मागचा आस, टायर विभाग. तिथून घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका आगारात रात्रपाळी. खरे शिक्षण तिथे झाले. चालक वहीत लिहितो, 'पिकअप नाही.' या दोन शब्दांचे अर्थ निदान आठ असू शकतात. हवेचा फिल्टर तुंबला असेल, डिझेलचा फिल्टर असेल, नोझल असेल, पंपाचे टायमिंग असेल. किंवा इंजिनाचा काही दोष नसेल, एखादे चाक ब्रेकने धरून ठेवले असेल. मेस्त्री गाडी आत येताच, ती थंड होण्याआधी, सगळ्या चाकांच्या मध्याजवळ तळहाताची मागची बाजू नेत. जे चाक तापलेले ते धरलेले. वैद्याने नाडी पाहावी तसा तो फेरा असे. 'पिकअप नाही'च्या कित्येक तक्रारी इंजिनाला हात न लावता त्या फेऱ्यातच सुटत. चालक बोलतो कसा, हेही शिकावे लागे. नवा चालक दहा तक्रारी लिहितो, जुना एकच लिहितो. त्या जुन्याने 'ब्रेक बघा' एवढेच लिहिले असेल, तर बाकीची कामे बाजूला ठेवायची.

आकडे शिकावे लागले ते वेगळे. लिटरमागे किलोमीटर, दर दहा हजार किलोमीटरमागे मार्गावर बंद पडलेल्या गाड्या, रिट्रेड केलेल्या टायरचे आयुष्य, ताफ्यापैकी रोज धावणाऱ्या गाड्यांचे प्रमाण. या चार आकड्यांवर आगाराची अब्रू ठरे. तमिळनाडूच्या महामंडळांची इंधन-बचतीसाठी जी ख्याती झाली, तिच्यामागे कोणते महागडे यंत्र नव्हते. चाकातली हवा, फिल्टरची वेळ, पंपाची जुळणी आणि चालकाचा पाय यांच्यावर रोज ठेवलेली नजर होती.

ही शिस्त भारतात आली कुठून? १९३२ मध्ये निजामाच्या राज्य रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली, आणि मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. सरकारी बसचा तो देशातला अगदी आरंभीचा प्रयोग, आणि तो रेल्वे खात्याच्या पोटी जन्मला. पत्रके, वेळापत्रकानुसार तपासणी, कोणत्या कामाखाली कोणाची सही, हे सारे रेल्वेच्या घरचे वळण. १९५० च्या रस्ता परिवहन महामंडळ कायद्याने राज्याराज्यांत महामंडळांचा मार्ग मोकळा झाला. १९६५ मध्ये त्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली आणि १९६७ मध्ये पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था सुरू झाली. नव्वदीच्या दशकात मी तिथे एका अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाला आलो होतो. आसाम, राजस्थान, केरळ, उत्तर प्रदेश अशा सगळीकडचे पर्यवेक्षक एका वर्गात. शिकवलेल्यापैकी निम्मे मी विसरलो. रात्री जेवणानंतर एकमेकांना सांगितलेल्या ब्रेकच्या गोष्टी विसरलो नाही. वाळूचा प्रदेश, पुराचा प्रदेश, घाट; प्रत्येकाचा शत्रू निराळा होता, फक्त पहाटे चार वाजता येणारा दबाव सगळ्यांचा सारखा.

त्या दबावाविषयी सांगायचे तर मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती मी नोकरीत असताना उघडपणे कधी सांगितली नाही.

प्रशिक्षण संपून दोन वर्षे झाली होती. पावसाळ्याची रात्र. घाटातून येणाऱ्या एका गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचा स्लॅक अ‍ॅडजस्टर झिजला होता. हा छोटा भाग ब्रेकच्या लायनरचे ड्रमपासूनचे अंतर जुळवून ठेवतो. पान्याने जुळवले की तो धरून राहायला हवा. हा धरत नव्हता. भांडारात दुसरा नव्हता. विभागाकडे मागणी गेली होती, उत्तर नव्हते. मेस्त्री म्हणाले, "सार, ही ठेवून घ्या." ठेवून घ्यायची म्हणजे पहाटेची फेरी रद्द. त्या महिन्यात आमच्या आगाराच्या आधीच बऱ्याच फेऱ्या रद्द झाल्या होत्या आणि वरिष्ठांनी आदल्याच दिवशी दूरध्वनीवर मला त्याची समज दिली होती. आम्ही अ‍ॅडजस्टर पुन्हा जुळवला, गाडी आवारात दोनदा फिरवून पाहिली. ब्रेक लागला. मी सही केली.

आवारातला ब्रेक आणि घाटातला ब्रेक यांत फरक असतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. उतारावर ड्रम तापतो, तापला की फुगतो. लायनरला तिथवर पोहोचायला जास्त पल्ला लागतो. जुळणी ढिली असेल तर तो पल्ला पुरत नाही, आणि एका चाकाचे काम बाकीच्या चाकांवर पडून तीही तापू लागतात. चालकाने प्रसंगावधान राखून गाडी दरीच्या बाजूला न जाऊ देता डोंगराच्या अंगावर घातली. अकरा जण जखमी झाले, कोणी दगावले नाही. चौकशीत अतिवेगाचा ठपका आला. चालकाच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या. माझी सही कागदोपत्री निर्दोष होती: ब्रेक तपासला, चालू आढळला. मला जे विचारले गेले त्याचे मी खरे उत्तर दिले. अ‍ॅडजस्टरविषयी कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

त्या चालकाशी मी पुढे बारा वर्षे एकाच आगारात काम केले. तो मला नमस्कार करी.

माझ्या हाताखाली पुढे जे प्रशिक्षणार्थी आले, त्यांना ही गोष्ट मी 'एका आगारात घडलेली' म्हणून सांगत असे. ते हमखास विचारत, 'पर्यवेक्षकाने नकार दिला असता तर त्याचे काय झाले असते?' प्रामाणिक उत्तर असे, की फारसे काही झाले नसते. एक मेमो, कदाचित एक बदली. तो नोकरीत कायम होता, त्याच्या मागे संघटना होती, आणि ज्येष्ठ कारागिराचा शब्द त्याच्या बाजूचा होता. नकार देण्याची जागा त्या व्यवस्थेत होती. मी ती वापरली नाही, हा दोष माझा.

म्हणून जुन्या आगारांचे गुणगान मला करायचे नाही. एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावणे तिथे नित्याचे होते. भंगाराच्या लिलावात काय चाले ते सर्वांना ठाऊक असे. पुढे तर बऱ्याच महामंडळांत तांत्रिक पदांची भरती वर्षानुवर्षे रेंगाळली. मेस्त्री निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागी एक वर्षाचे शिकाऊ उमेदवार आले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा हेतू कारागीर घडवण्याचा. आगारांनी त्याचा उपयोग रिकाम्या जागा भरण्यासाठी केला. मुलगा कामाला लागेपर्यंत त्याचे वर्ष संपलेले असे.

तंत्रज्ञानही थांबले नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या धुराड्यात युरियाचे द्रावण फवारले जाते, काजळी गाळली जाते, आणि संवेदक बिघडला तर इंजिन आपली ताकद आपणच कमी करते. तळहाताने निदान करणाऱ्या पिढीच्या हाती अचानक स्कॅनर आला. कित्येकांनी तो झटकन आत्मसात केला, हे मी पाहिले आहे. फक्त शिकवणारा माणूस महामंडळाऐवजी गाडी बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि तो दोन दिवसांसाठी येई.

विद्युत बस ही त्यापुढची पायरी. गेल्या पावसाळ्यात एका मोठ्या शहरातल्या विद्युत आगारात नव्या पर्यवेक्षकांशी बोलण्याचे मला निमंत्रण आले. आगार स्वच्छ, ऑइलचा डाग नाही, डिझेलचा वास नाही. रात्रपाळीच्या पर्यवेक्षिका सव्वीस वर्षांच्या, विद्युत अभियांत्रिकीच्या पदविकाधारक. गाडी चालवणाऱ्या कंपनीने देखभालीचे काम आणखी एका कंपनीला दिले होते, त्या कंपनीच्या त्या कर्मचारी. प्रशिक्षण किती दिवसांचे, असे मी विचारले. "अकरा दिवसांचे, सर. त्यातले चार दिवस सुरक्षेचे." सुरक्षेचे चार दिवस वाया गेले नव्हते. सहाशे व्होल्टच्या आसपासची ती यंत्रणा. नारिंगी तारांना हात लावण्याआधी मुख्य जोडणी तोडायची, तिला कुलूप घालायचे, साठलेला भार उतरेपर्यंत थांबायचे आणि मीटरने खात्री करायची. हे सारे त्यांनी न अडखळता सांगितले. बॅटरीच्या प्रत्येक गटाचे तापमान त्या पडद्यावर मला दाखवत होत्या. माझ्या काळच्या कोणत्याही वहीपेक्षा ती नोंद अधिक खरी, कारण तिच्यात खाडाखोड करणे सोपे नाही. हलणारे भाग कमी, ऑइल-बदल नाही, इंधनपंपाची खोलीच नाही.

मग मी ब्रेकविषयी विचारले.

विद्युत बस थांबताना मोटर उलट काम करते, वीज निर्माण करून बॅटरीत भरते, आणि त्याच ओढीने गाडीचा वेग कमी होतो. त्यामुळे लायनर फार कमी झिजतात. ही मोठी सोय. मात्र तिच्यात एक खोच आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर आणखी वीज घेण्याला जागा नसते, आणि मोटरची ती ओढ कमी होते किंवा नाहीशी होते. म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या स्थानकात चार्जिंग पूर्ण करून गाडी लगेच घाट उतरू लागली, तर नेमक्या त्या वेळी सारा भार हवेच्या ब्रेकवर येतो, आणि तो ब्रेक महिन्यात फारसा वापरलाच गेलेला नसतो. झीज नाही म्हणून कोणी उघडून पाहिलेला नसतो. पाणी-चिखलाने त्याचे सांधे आखडलेले असू शकतात. हे पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी चाक काढावे लागते. पर्यवेक्षिकाबाईंनी ते ऐकून घेतले, वहीत टिपले आणि विचारले, "सर, अशी शंका आली तर गाडी थांबवण्याचा अधिकार माझा आहे का?"

मी करार पाहिलेला नव्हता. त्यांनीही पाहिलेला नव्हता. त्यांना एवढे माहीत होते, की न धावलेल्या किलोमीटरचा मोबदला मिळत नाही, वर दंड लागतो, आणि तो दंड अखेर त्यांच्या कंपनीच्या देयकातून कापला जातो. त्यांची नेमणूक अकरा महिन्यांची होती. महामंडळाचा एक अधिकारी रोज आगारात येई, किती गाड्या किती वाजता बाहेर पडल्या याची नोंद घेई. तो वाहतूक शाखेचा होता. ब्रेकविषयी त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

आपल्या कायद्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालकाला परवाना लागतो, वाहकालाही लागतो. गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते. नव्या व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. त्या चाचण्यांसाठी आता स्वयंचलित केंद्रेही उभी राहत आहेत. पण दोन चाचण्यांच्या मधल्या काळात रोज पहाटे गाडी योग्य ठरवणाऱ्या माणसाला कोणताही परवाना लागत नाही. तो कोण असावा, किती शिकलेला असावा, त्याच्या नकाराचे वजन काय, याविषयी कायदा मौन आहे.

दुसरीकडे याच देशात विमान देखभाल अभियंत्याला परवाना असतो आणि त्याच्या प्रमाणपत्राशिवाय दुरुस्त केलेले विमान उडत नाही. रेल्वेत ब्रेक पॉवर सर्टिफिकेट असते. डबे तपासणारा पर्यवेक्षक ते देतो, चालक आणि गार्ड त्यावर सह्या करतात, आणि ते वैध नसेल तर गाडी सुटत नाही. स्टेशनमास्तर कितीही घाईत असो. निजामाच्या रेल्वेने बस रस्त्यावर आणली तेव्हा पत्रके बरोबर आली, हा अधिकार मात्र रुळांवरच राहिला. २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजारांवर रस्ते-अपघात झाले आणि १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. त्यांतले बहुतेक वाहनाच्या दोषामुळे झाले, असा दावा मी करणार नाही. पण माझा स्वतःचा अपघात 'अतिवेग' या सदरात नोंदला गेला आहे, त्यामुळे त्या सदरातील आकड्यांकडे मी जरा संशयाने पाहतो.

कंत्राटी पद्धत परत फिरवावी, असे माझे म्हणणे नाही. ती फिरणारही नाही. मात्र दहा-बारा वर्षांच्या करारात पर्यवेक्षकाची पात्रता आणि त्याच्या प्रशिक्षणाचे किमान महिने लिहिता येतात, आणि एक छोटे कलमही घालता येते: सुरक्षेच्या कारणाने पर्यवेक्षकाने लेखी नोंद करून थांबवलेल्या गाडीच्या बुडालेल्या किलोमीटरना दंड नाही. त्याचा गैरफायदा घेतला जाईल, असे वित्त विभाग म्हणेल. घेतला जाईलही. म्हणून तर महामंडळाच्या बाजूला, ते चाक काढून खात्री करू शकणारा स्वतःचा माणूस हवा. आज तो अजून आहे. डिझेल आगारांत चाळिशी-पन्नाशीचे कारागीर आणि पर्यवेक्षक आहेत. त्यांना उच्च दाबाच्या विजेचे शिक्षण देणे सव्वीस वर्षांच्या मुलीला ब्रेकची जाण देण्याइतकेच शक्य आहे, आणि दोघांना सहा महिने एका आगारात ठेवले तर सर्वांत स्वस्त. हे कारागीर येत्या दशकात निवृत्त होतील. पहिले करार त्याच सुमारास संपतील आणि महामंडळांना पुन्हा निविदा काढाव्या लागतील. वापरलेली बॅटरी आणि बारा वर्षांचा सांगाडा यांची किंमत ठरवणारा तेव्हा त्यांच्याकडे कोणी नसेल, तर कंपनी सांगेल ती किंमत.

त्या आगारातून निघताना पर्यवेक्षिकाबाईंनी मला मागच्या कोपऱ्यात नेले. तिथे एक गाडी बाजूला उभी होती. स्टिअरिंगला दोरीने पुठ्ठा बांधला होता, 'हलवू नये'. उजव्या मागच्या चाकाचा ब्रेक उशिरा सुटतो, असे चालकाने दोन दिवस सांगितले होते. पडद्यावर काही दिसत नव्हते. त्यांनी चाक काढायला लावले होते, ते अजून जमिनीवर पडलेले होते. "तुम्ही यायच्या आधीच थांबवली आहे, सर," त्या म्हणाल्या. "वर अजून कळवलेले नाही."

तेव्हा चार वाजायला दहा मिनिटे होती. मी फाटकापर्यंत पोहोचलो तेव्हा त्यांचा फोन वाजत होता.